ससा रात्री आदळआपट करायलाय? आधी त्याला बीळ द्या

ससा म्हणलं की आपल्याकडं दोन वेगळी जनावरं एकाच नावानं ओळखली जातात, अन् रात्रीचा निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. एक म्हणजे तुरीच्या नाहीतर ज्वारीच्या रानात पायाजवळून एकदम सुसाट सुटतो तो, तपकिरी, लांब कानाचा, ढेकळाच्या आडोशाला उघड्यावर दबून बसणारा. तो बीळ करत नाही. दुसरा आपण बाजारातून आणतो तो, पांढरा नाहीतर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, त्याचे पूर्वज युरोपातले, जमिनीत लांबच लांब बिळं खोदून घोळक्यानं राहणारे. आपल्या घरात आहे तो हा दुसरा. अंधार पडला, कुठं खुट्ट झालं की याच्या मनात एकच येतं, बिळात शिरायचं, अन् आपण त्याला ठेवलेलं असतं हॉलच्या मधोमध, चारी बाजूंनी उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात, वर ट्यूबलाईट चालू. तो धडका मारणार नाहीतर काय करणार.

रानातल्या सशाचा विषय निघालाच आहे तर सांगते, ऊस तोडताना नाहीतर गहू काढताना पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. ते जन्मतःच डोळे उघडे अन् अंगावर केस घेऊन येतं, आई त्याला मुद्दाम एकटं ठेवून लांब थांबते अन् बहुतेक दिवस मावळल्यावरच दूध पाजायला येते, म्हणजे ते टाकून दिलेलं नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडायला अन् पाळायला बंदी पण आहे. मशीन चालू असंल तर हळूच उचलून जवळच्याच बांधाला गवतात ठेवा अन् तिथून निघून जा.

आता घरातल्याचं. आमची कापशी परभणीत आमच्याकडं आली तेव्हा तीन महिन्यांची होती. पहिल्या रात्री दीड वाजता सुरू झाली, जाळी दातानं ओढायची, पाण्याची वाटी उलथी करायची, मधेच मागच्या पायानं धप्पकन आपटायची. आई म्हणली भूक लागली असंल, लेकानं उठून गाजर दिलं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री पिंजरा ओसरीत नेऊन ठेवला तर तिथं मांजर येऊन रात्रभर समोर बसलं, अन् सकाळी बघते तर कापशी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, खाल्लेलं काही नाही, लेंड्या नाहीत. मी लई घाबरले होते. डॉक्टरांकडं नेलं, वाचली. पण ते सगळं टाळता आलं असतं, म्हणून एवढं सविस्तर लिहायलेय.

बीळ म्हणजे नेमकं काय द्यायचं

किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा जाड खोका आणा. ससा आत लांब पाय पसरून झोपू शकंल अन् आतल्या आत वळू शकंल एवढा मोठा पाहिजे. त्याला दोन दारं कापा, एक नाही दोन, कारण बिळाला मागची वाट नसंल तर सशाला तो सापळा वाटू शकतो अन् तो आत जायला कचरतो. खोक्याच्या पिना, चिकटपट्टी, प्लास्टिक सगळं आधी काढून टाका. तो खोका कुरतडणार, कुरतडू द्या, साध्या पुठ्ठ्याचे बारीक तुकडे पोटात गेले तर काही होत नाही, तीन-चार आठवड्यांनी दुसरा खोका. रंग दिलेलं लाकूड अन् प्लायवूड मात्र नको, त्यातला डिंक अन् रंग तो खातो.

उन्हाळ्यात पुठ्ठ्यापेक्षा जुना रांजण लई भारी. तोंडाला तडा गेलेला मोठा माठ नाहीतर रांजण आडवा टाकायचा, कडा दगडानं घासून बोथट करायची, दोन्ही बाजूला विटा लावायच्या म्हणजे गडगडणार नाही. याला मागचं दार नसतं, म्हणून सोबत दोन दारांचा खोका पण राहू द्या. बाहेरून रांजणावर पाणी शिंपडलं की आत गार राहतं. कापशी मार्चपासून जूनपर्यंत त्यातच असते.

खोका ठेवल्यावर पिंजऱ्याची जागा बदला. दोन भिंतींचा कोपरा सगळ्यात चांगला, म्हणजे दोन बाजूंनी कुणी येत नाही याची त्याला खात्री वाटते. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, दाराच्या वाटेत नको, सकाळचं ऊन थेट येतं त्या खिडकीखाली नको. पिंजऱ्याच्या दोन-तीन बाजूंना जुनी सुती साडी बाहेरून अशी लावा की त्याच्या दाताला लागणार नाही, कारण धागे गिळले तर आतड्यात अडकतात, अन् एक बाजू कायम मोकळी ठेवा हवेला. तळाला नुसती तारेची जाळी असंल तर त्यावर सपाट फळी नाहीतर जाड चटई टाका, जाळीवर बसून बसून टाचांचे केस जातात अन् तिथं जखमा होतात, अन् पाय दुखत असंल तर ससा रात्री एका जागी बसंल कसा? खरं सांगायचं तर दुकानात मिळतो तो दीड-दोन फुटाचा पिंजरा सशाला नुसतं बसायला पण पुरत नाही. दोन-तीन उड्या मारता आल्या पाहिजेत अन् मागच्या पायावर उभं राहिलं तर कान वर लागायला नको. जमत असंल तर खोलीचा एक कोपरा जाळीनं घेरून द्या.

पहिले सात-आठ दिवस जागा, खोका, माणसं काहीच बदलू नका. लेकरांना सांगा की ससा खोक्यात असताना हात घालून ओढायचं नाही अन् कान धरून तर कधीच उचलायचं नाही. खोका ही त्याची एकट्याची जागा, तिथं कुणी जात नाही, हे त्याला पटलं की रात्रीचं निम्मं काम झालं.

झोपायची वेळ त्याची अन् आपली

ससा रात्रभर जागतो असं बरेच जण म्हणतात, ते तसं नाही. तो सगळ्यात जास्त जागा असतो दिवस मावळताना अन् पहाटे तांबडं फुटताना. दुपारी झोपतो, मध्यरात्री पण थोडं थोडं झोपतो, बरेचदा डोळे उघडेच ठेवून, त्यामुळं आपल्याला वाटतं जागाच आहे. म्हणजे आपण काय करायचं, तर संध्याकाळी त्याच्या अंगात जो जोर येतो तो तिथंच जिरू द्यायचा. सहा-साडेसहाला पिंजरा उघडा, कमीत कमी तीन तास घरात मोकळं पळू द्या, चार्जर अन् कूलरच्या वायरी आधी वर उचलून ठेवा, ससा वायर दिसली की कापतोच. पुठ्ठ्याचे रोल, उलटी टोपली, कागदाच्या गोळ्यात लपवलेली मेथीची काडी, असलं काहीतरी हुडकायला द्या. जो ससा दिवसभर बंद अन् रात्री पण बंद, तो आदळआपट करणारच, तिथं खोका पण कामाला येत नाही.

मग रोज एकाच वेळी एकाच क्रमानं, आमच्याकडं साडेनऊला ताटली वाजते, ताटलीत कोथिंबीर, मेथी, शेवग्याची नाहीतर तुतीची पानं, ती पिंजऱ्याच्या आत ठेवायची, ससा आपसूक आत जातो, मग त्याच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग टाकायचा, पाणी भरायचं, दार लावायचं, लाईट बंद. पकडून आत कोंबायचं नाही. आठ-दहा दिवसांत ताटली वाजली की स्वतः पळत येतो. रात्री बारीक दिवा लावायची गरज नाही, सशाला मंद उजेडात चांगलं दिसतं, उलट रात्रभर ट्यूबलाईट चालू असंल तर तो गोंधळतो.

तरी रात्री जाळी ओढायलाय, तर उठून खायला देऊ नका. एकदा दिलं की त्याला कळतं, जाळी ओढली की माणूस येतो अन् गाजर मिळतं. आमच्या लेकानं पहिल्या रात्री हेच केलं अन् ती सवय मोडायला पुढं तीन आठवडे लागले. पण मागच्या पायानं धप्प धप्प आपटणं वेगळं, ते हट्टानं करत नाही तो, ते धोक्याचं सांगणं आहे, बिळातल्या बाकीच्यांना कळावं म्हणून. तेव्हा उठा, बारीक बॅटरी लावा, पिंजऱ्याच्या खाली, खिडकीत, पडवीत बघा. मांजर असतं, घूस असते, आपल्याकडं पावसाळ्यात साप पण असतो. काही नसंल तर ओरडू नका, दोन मिनिटं शेजारी बसा, हळू आवाजात बोला, मग परत झोपा.

गवत रात्रीच का

सशाचं आतडं कधी थांबता कामा नये. दिवसभराच्या खाण्यात ऐंशी टक्के वाळलं गवत पाहिजे अन् त्यातलं बरंच तो रात्री अन् पहाटे खातो. गवत चघळत बसलेला ससा शांत असतो, दातपण झिजतात, कारण सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवताचा ढीग लघवीच्या ट्रेच्या एका बाजूला टाका, ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळं ट्रेची सवय आपोआप लागते. ट्रेमध्ये जुने पेपर चालतात, वासाचा लाकडी भुसा नको.

आपल्याकडं गवत म्हणजे हरळी, बांधावरचं पवन्या-मारवेलसारखं गवत, सावलीत वाळवून ठेवलं की वर्षभर पुरतं. कडब्याची वाळली पानं चघळायला चालतात पण नुसत्या कडब्यावर ठेवू नका, अन् ज्वारीचे कोवळे पोंगे तर अजिबात नको, त्यानं गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे रानात काम केलेल्या कुणालाही माहीत आहे, सशाला तर थोडंसं पण जास्त. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ठीक, मोठ्याला अधूनमधून मूठभरच, त्यात कॅल्शियम जास्त असतं अन् ते मूत्राशयात साचतं. कपाशी-सोयाबीनच्या बांधावर तणनाशक मारलेलं असतं, तिथलं गवत आणू नका. गाजरगवत, घाणेरी, कण्हेर, रुई, धोतरा यातलं एक पान पण मिसळायला नको. कांदा, लसूण, बटाटा, भाकरी, बिस्कीट, पेढा हे पण नाही. गाजर गोड असतं, बोटाच्या पेराएवढं, ते पण रोज नाही.

पहाटे ससा मान खाली घालून स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खातो, ते बघून लोकं घाबरतात. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या असतात त्या, त्या त्यानं खायलाच पाहिजेत, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्याला थांबवू नका.

उन्हाळ्याच्या रात्री

मराठवाड्यात सशाचा जीव जातो तो बहुतेक उकाड्यानं, बाकी सगळं नंतर. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानातून बाहेर टाकतो. तीस अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो अन् आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला जातो. रात्री गार होतं म्हणून पिंजरा गच्चीवर नेणारे आहेत, पण स्लॅब रात्री अकरा वाजेपर्यंत तापलेली असते, हात लावून बघा. पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नका. ज्यांचं जुनं माळवदाचं, म्हणजे जाड मातीच्या छताचं घर आहे ते नशीबवान, त्याच्या मधल्या खोलीसारखी जागा नाही.

दोन शहाबादी फरश्यांचे तुकडे आणा, एक पिंजऱ्यात, एक न्हाणीत ओली करून, दर दोन-तीन तासांनी अदलाबदल. ससा पोट टेकून त्यावर पसरतो. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका टोकाला ठेवा, एकाच टोकाला, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर जाता येतं. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून कूलर चांगलं काम करतो, पण झोत थेट अंगावर नको अन् खिडकी उघडी पाहिजे. पाणी बाटलीच्या नळीपेक्षा जड मातीच्या वाडग्यात द्या, ससा त्यातून जास्त पितो, अन् उन्हाळ्यात दोन वाडगे, एक सांडला तर दुसरा असतो. कानांच्या बाहेरच्या बाजूला ओला हात फिरवला तरी बरं वाटतं त्याला. लाईट जाते ती नेमकी रात्रीच, म्हणून गोठवलेल्या चार बाटल्या कायम तयार असू द्या, अन् लाईट गेली की सगळ्यात आधी सशाकडं जा.

उन्हाळ्यात संध्याकाळचं पळणं पण उशिरा घ्या, आठच्या पुढं, फरशी गार झाल्यावर. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, लाळ गळणं, कान लालभडक गरम, हाक मारली तरी उठत नाही, असं दिसलं की तो उष्माघात. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंच जीव जातो. साध्या गार पाण्यानं कान अन् पाय ओले करा, पंख्याखाली घ्या, अन् तसंच डॉक्टरकडं पळा.

थंडीचं तेवढं टेन्शन नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीला पारा दहाच्या खाली येतो तरी ससा कोरडा असंल, वारा लागत नसंल अन् खोक्यात गवत भरपूर असंल तर त्याला काही होत नाही. शेकोटीचा धूर जवळ नको. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, काळपट, कुबट वास आला की फेकून द्या. अन् बुड ओलं-घाण राहिलं तर माशा अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात, म्हणून जूनपासून रोज झोपवायच्या आधी शेपटीखाली बघायचंच.

बाहेर ठेवायचाच असंल तर

मी सांगंन आत ठेवा. पण जागाच नसंल तर नुसता पिंजरा बाहेर टाकून भागत नाही. कोंबड्यांची ती षटकोनी पातळ जाळी कुत्रं दातानं फाडतं, अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, खालून पण. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पायावर, पाठीमागं भिंत. आत एका बाजूला चारी बाजूंनी फळ्यांची बंद खोली, हे त्याचं बीळ. दाराला दोन कड्या, कारण मांजर एक कडी पंजानं सरकवतं अन् मुंगूस फटीतून शिरतं. वर पत्रा असंल तर त्यावर ओला कडबा नाहीतर पोती टाका, अन् मार्च लागला की काहीही झालं तरी आत घ्या. एक लक्षात घ्या, कुत्र्यानं जाळी फोडायलाच पाहिजे असं नाही, नुसतं भोवती फिरून भुंकलं तरी ससा भीतीनं मरू शकतो.

दिवाळीचे फटाके, गणपतीची मिरवणूक, लग्नसराईत दारापुढचा डीजे, या रात्री ससा सगळ्यात आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंख्याचा आवाज चालू, गवत दुप्पट, अन् घरातलं एक माणूस त्याच खोलीत झोपलेलं पाहिजे. डासांसाठी कॉइल अन् उदबत्ती लावू नका, पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका. कुत्र्याच्या गोचिडाचा स्प्रे सशाला मारू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला विष आहे.

ससा चार-पाच महिन्यांचा झाल्यावर अचानक रात्री गोल गोल फिरायला, खोदायला, सगळीकडं लघवी उडवायला लागला तर ते वयात येणं आहे. नसबंदी करून घ्या. मादीची तर नक्की करा, नाही केली तर पुढं गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण सशात लई जास्त आहे. एकट्या सशाला रात्र जड जाते, जोडी असंल तर एकमेकांना चिकटून शांत बसतात, पण नसबंदी न करता नर-मादी एकत्र ठेवले तर एकतीस दिवसांत पिल्लं.

रात्री झोपायच्या आधी तीन गोष्टी बघा, गवत खायलाय का, लेंड्या गोल अन् भरपूर आहेत का, अंग सैल सोडून बसलाय का. हळू दात वाजवत असंल तर तो खूष आहे, कर्रकर्र मोठ्यानं दात वाजवून अंग आवळून बसला असंल तर त्याला दुखायलंय. दहा-बारा तास काही खाल्लं नाही अन् लेंड्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका. घरातली माणसाची गोळी देऊ नका, अमॉक्सिसिलीनसारखी अँटिबायोटिक पोटात गेली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात अन् ससा पण मरतो. परभणीला अन् उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आपल्या गावातला कोणता डॉक्टर सशाला बघतो अन् रात्री फोन उचलतो हे ससा धडधाकट असतानाच विचारून ठेवा, नंबर जाड अक्षरात कागदावर लिहून पिंजऱ्याच्या वरच्या भिंतीला चिकटवा, अन् न्यायला एक झाकणाची टोपली, तिच्यात मूठभर गवत अन् जुना टॉवेल, दाराशेजारी कायम तयार ठेवा.